बाईमाणसाची गाडी

सत्यशीलेचा राग आवाजाचा नाही. ती भांडी आपटत नाही, दारं लावत नाही, कुणाच्या नावानं बोटं मोडत नाही. राग आला की ती हळू आणि एकेक शब्द सुटा करून बोलायला लागते. तिला ओळखणारी माणसं तेवढ्यावरूनच उठून दुसऱ्या कामाला लागतात. यंदाचा अख्खा डिसेंबर ती असंच हळू बोलत होती आणि त्याचं कारण होतं गाडीचा हीटर.

बीड जिल्ह्यात हीटरवरून कुणी रागावतं हे ऐकून माणसं हसतात. हसोत बापडी. ज्यांना हसू येतं त्यांनी एकदा पहाटेच्या धुक्यात धर्मापुरीहून घाटनांदूरला गाडी चालवत जाऊन यावं, आणि तेही सत्यशीलेच्या हातांनी.

तिच्या हातांना संधिवात आहे. चाळिशी ओलांडताना बोटांची पेरं सुजायला लागली ती लागलीच. सकाळी उठल्यावर मिटलेली मूठ उघडत नाही आणि उघडलेली मिटत नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसलं की बोटं हळूहळू ऐकायला लागतात. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सकाळचे हात गरम ठेवा, मग दिवसभर काही अडायचं नाही. घरात ते जमत होतं. गाडीत बसून गावाबाहेर पडलं की थंडगार स्टिअरिंग हातातली सगळी ऊब ओढून घ्यायचं आणि बोटं पुन्हा जिथल्या तिथं.

आता कुणी विचारेल, एवढ्या सकाळी जायचं कशाला? घाटनांदूरला तिचं दूध संकलन केंद्र आहे. केंद्र म्हणजे रस्त्याकडेची एक पत्र्याची खोली, फॅट मोजायचं मशीन, काटा आणि कॅनची रांग. पण तिथं दूध घालायला बाया येतात. पुरुषांच्या केंद्रावर बाईच्या दुधाची फॅट नेमकी कमी भरते आणि तिनं दोन शब्द विचारले की "घरच्या माणसाला पाठव" असं ऐकून घ्यावं लागतं. सत्यशीलेच्या केंद्रावर मशीनचं तोंड बायांकडे केलेलं असतं. आकडा त्यांनी आधी बघायचा, मग तिनं. शेरडं आणि म्हशी राखणारी मनकर्णा लांबच्या वस्तीवरून डोक्यावर कॅन घेऊन तिच्याकडेच येते. वाटेत दोन केंद्रं लागतात, तिकडे ती ढुंकूनही बघत नाही.

हे केंद्र म्हणजे सत्यशीलेनं स्वतः उभं केलेली आयुष्यातली एकुलती एक गोष्ट. बाकी सगळं तिला आयतं मिळालं, आणि आयतं मिळालेलं कुणीही काढून घेऊ शकतं हे ती सासरी आल्यावर लवकरच शिकली. माहेर चकलांब्याचं. सासर धर्मापुरीतलं जमीनदाराचं घर. घरात थोरले दीर विजयसिंह यांचा शब्द चालतो. गावच त्यांना आबासाहेब म्हणतं. सोसायटीत कोण बसणार आणि ग्रामपंचायतीतून कोण उठणार हे त्यांच्या ओट्यावर ठरतं. सत्यशीलेचा नवरा बद्रीनाथ हा धाकटा भाऊ. माणूस प्रेमळ, पण त्याचं प्रत्येक वाक्य "आबा म्हणतेत" इथून सुरू होतं. डोळे अधू झाल्यावर त्यानं गाडी सोडली. काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात त्यानंच सत्यशीलेला गाडी शिकवली. शेजारी बसून तो डोळे गच्च मिटून घ्यायचा, म्हणून ती लवकर शिकली.

आणि या घराची एक रीत होती. धाकट्या सुनेनं थोरल्या दिरांशी बोलायचं नाही. लग्न होऊन आल्यापासून सत्यशीला आबासाहेबांशी एक वाक्य सरळ बोललेली नव्हती. तेही तिच्याशी नाही. तिच्या समोर बसून ते बद्रीनाथला सांगत, "धाकटीला म्हणावं चहात साखर जास्त झाली." मग बद्रीनाथ मान वळवून तिला सांगे, की आबा म्हणतेत साखर जास्त झाली. ती हातभर अंतरावर उभी असे. सुरुवातीला तिला याचं हसू यायचं. पुढं पुढं हसू आटलं.

डिसेंबरात एका पहाटे देवळापुढच्या वळणावर समोरून उसाची ट्रॉली आली. मागं लाल कापड नाही, पुढं दिवा नाही, असायचा तसा सगळा कारभार. सत्यशीलेनं गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंग परत फिरवताना बोटं उघडलीच नाहीत. गाडी हळूच कडेच्या चारीत उतरली आणि तुरीत नाक खुपसून उभी राहिली. ना तिला खरचटलं ना गाडीला. पण उन्हं वर यायच्या आत ही बातमी ओट्यावर पोचली.

संध्याकाळी निकाल लागला. आबासाहेब जेवताना म्हणाले, "बद्री, धाकटीला म्हणावं आता गाडी बास. तात्याबाला ठेवतो गाडीवर. केंद्राचंबी तोच बघंल."

तात्याबा हा त्यांच्या ओट्यावरचा माणूस. तो केंद्रावर बसला की मशीनचं तोंड कुठल्या बाजूला फिरेल हे सत्यशीलेला सांगायला नको होतं.

तिनं बद्रीनाथमार्फत निरोप धाडला. हात गरम राहिले तर चालतात. गाडीला हीटर आहे, पण तो गार वारा फेकतो. तो नीट करून घेते, मग अडचण राहणार नाही. आबासाहेब घास हातात धरून हसले. "हीटर? आपल्याकडं? बरं, घ्या करून. झाला तर चालवा. न्हाई तर संक्रांतीपासून तात्याबा."

दुसऱ्या दिवशी दूध आटोपून ती बंकट मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. घाटनांदूरात तिच्या घरच्या सगळ्या गाड्या बंकटच बघतो. तिनं सांगितलं, "हीटर चालत न्हाई." बंकटनं मान डोलावली आणि पहिलं काम काय केलं, तर खिशातून फोन काढला. "आबासाहेब, धाकट्या बाईसाहेबांची गाडी आलीय. उघडू का?" परवानगी मिळाली तेव्हा कुठं बॉनेट उघडलं. सत्यशीला शेजारी उभी होती. गाडी तिची, तक्रार तिची आणि गॅरेजपर्यंत आणलेलीही तिनंच. तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्या दिवशी ती गप्प बसली.

दुपारी बंकटनं किल्ली दिली. "झालं बाईसाहेब. चारी हीटर नवे टाकले. आता बगा, एका बोटात चालू होती का न्हाई."

गाडी खरंच एका बोटात चालू झाली. सत्यशीलेनं खटका लाल खुणेवर फिरवला. फ्रीजचं दार उघडल्यासारखा वारा तोंडावर आला.

"बंकट, गारच वारा येतोय."

"वारा? वाऱ्याचा काय संबंध? हीटर तर इंजिनातले असतेत."

तेव्हा उलगडा झाला. डिझेल गाडी थंडीत चटकन चालू व्हावी म्हणून इंजिनात जे प्लग असतात त्यांना आमच्याकडचे मिस्त्री हीटर म्हणतात. आत बसलेल्या माणसाला ऊब देणारा हीटर ही गोष्ट बंकटच्या हिशेबातच नव्हती. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं ती मागितली नव्हती. तिनं खटका दाखवला. बंकटनं तो वाकून बघितला. "ह्यो व्हय? ह्यो तर नुसता शोपुरता असतो, बाईसाहेब."

"शोपुरता असता तर त्याला लाल खूण कावून केली असती?" ती हळू म्हणाली.

पुढचे दिवस बंकट काहीबाही करत राहिला. रेडिएटरमधलं पाणी बदललं. पाइप काढून फुंकले. खटक्याची तार ओढली, सोडली, तिला तेल घातलं. दर खेपेला आधी आबासाहेबांना फोन, मग पान्याला हात. आणि दर खेपेला हवा गारच. शेवटी कंटाळून म्हणाला, "बाईसाहेब, मी म्हन्तो लोकरीचे हातमोजे घाला. न्हाई तर तात्याबा काय वाईट चालवतो का?"

म्हणजे ओट्यावरचं बोलणं गॅरेजपर्यंत येऊन पोचलं होतं. सत्यशीलेनं किल्ली हिसकून घेतली आणि निघाली.

त्या आठवड्यात केंद्रावर पोचली की ती आधी मनकर्णेच्या कॅनला दोन्ही हात लावून उभी राही. नुकत्या काढलेल्या दुधाची ऊब पत्र्यातून बोटांत उतरायची. मनकर्णा तेवढा वेळ कॅन सोडत नसे.

"तात्याबा येणार म्हनं," ती एकदा म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हनतेत. तो आला तर मी न्हाई येणार, आधीच सांगते. रतीब लावंन गावात, न्हाई तर वासराला पाजंन."

सत्यशीलेनं कॅनवरून हात काढले आणि मशीन चालू केलं. राग आबासाहेबांचा होता, बंकटचा होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या बोटांचा होता. आपल्याच हाताचा राग येणं हा फार वाईट प्रकार असतो, कारण त्याला कुठं ठेवून येता येत नाही.

दूध गेल्यावर तिनं गाडी केंद्रापुढं नुसती चालू करून ठेवली, बॉनेट उघडलं आणि बघत बसली. ती काही यंत्रं शिकलेली नव्हती. पण फॅटचं मशीन बिघडलं की ती एकेक जागा तपासत जायची, तशीच इथं तपासत गेली. ऊब येणार कुठून, तर इंजिनाच्या गरम पाण्यातून. पाणी आत जाणारा पाइप तिनं चाचपला, बाहेर येणाराही चाचपला. दोन्हींत पाणी फिरत होतं, पण दोन्ही कोमट. लहान लेकराला अंघोळ घालता आली असती इतपतच. म्हणजे हीटरचा दोष नव्हता. त्याला मिळतच नव्हतं ते तो देणार कुठून?

मग तिनं स्टिअरिंगमागच्या काट्यांकडे बघितलं. इंजिनाचं पाणी किती तापलं हे दाखवणारी सुई तळाला पडून होती. गाडी चालू होऊन चांगला वेळ झाला होता. तिनं गाडी अंबाजोगाईच्या रस्त्याला दामटली, चढ चढवला, परत आणली. सुई तळालाच. आणि तिच्या लक्षात आलं, की हे आजचं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून ही सुई जागची हललेली नाही. गावातल्या बाकीच्या गाड्या मे महिन्यात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभ्या असायच्या आणि माणसं तिला म्हणायची, "तुमची गाडी लई गुणाची, कदी तापत न्हाई." तिलाही त्याचं कौतुक वाटलं होतं.

संक्रांत तोंडावर आली होती. ती तडक बंकटकडे गेली.

"बंकट, ही सुई वर कावून जात न्हाई?"

बंकटचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला येत असलेला प्रश्न तिनं विचारला होता. "जाणारच न्हाई, बाईसाहेब. वॉल्वच काढून टाकलाय ना आपण."

"कसला वॉल्व?"

त्यानं उत्साहानं सांगितलं. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर एक वॉल्व असतो. इंजिन तापेपर्यंत तो मिटलेला राहतो आणि पाणी आतच फिरवतो. पुरतं तापलं की उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. "पण आपल्याकडचा उन्हाळा. अडकला एखांदा तर गाडी उकळती. म्हून आमी येईल त्या गाडीचा काढूनच टाकतो. पाणी सदा फिरतं, गाडी सदा गार."

"आणि हीटरपण सदा गार."

बंकटच्या डोक्यात ही दोन टोकं आत्ता कुठं एकमेकांना लागली होती.

"मला न विचारता काढलास?"

"मी कशाला काढतो? आबासाहेबांनी सांगितलं. उन्हाळ्यात गाडी सर्व्हिसला आलती तवा. म्हनाले, बाईमाणसाची गाडी हाय, रस्त्यात तापून उभी ऱ्हायली तर चार लोक गोळा होतेत, बरं दिसत न्हाई. काढून टाक, आन तिला सांगू नको, उगी भिईल." बंकट अजिजीनं पुढं म्हणाला, "काळजीपोटीच म्हनाले ओ."

सत्यशीलेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला रस्त्यात माणसं गोळा झाल्याचं दिसू नये म्हणून तिच्या गाडीचा एक भाग गुपचूप काढून घेतला होता. त्याच गाडीत बसून तिची बोटं आखडली, त्याच बोटांमुळं ती चारीत गेली, आणि चारीत गेली म्हणून आता गाडीही जाणार आणि केंद्रही. तिनं कुठं काय चुकवलं होतं? ती इतकी हळू बोलली, की बंकटला पुढं झुकावं लागलं.

"परत बसव."

"बसवतो की. फकस्त एक फोन करतो."

हात तेलानं माखलेले म्हणून बंकटनं फोन बाकड्यावर ठेवून स्पीकर लावला. "आबासाहेब, बंकट बोलतोय. धाकट्या बाईसाहेब आल्यात. वॉल्व परत बसव म्हनतेत. त्याच्याबिगर हीटर चालत न्हाई म्हनं."

पलीकडे खोकल्याचा आवाज आला. मग आबासाहेब म्हणाले, "ऱ्हाऊ दे तसंच. संक्रांत आलीच. दुसरी किल्ली तात्याबासाठी काढून ठेवलीय मी. त्याला कशाला लागतो हीटर? तू नुसतं हां हां म्हन आन वाटंला लाव."

बंकटनं घाईनं फोनकडे हात नेला. त्याच्या आधी सत्यशीलेनं फोन उचलला.

"आबासाहेब, मी सत्यशीला बोलतीय."

पलीकडून तुटक आवाज आला, "बंकट, फोन तुझ्याकडं घे."

"बंकटकडं काय हाय? गाडी माझी हाय, माझ्याशी बोला. वॉल्व काढताना मला विचारलं न्हाई. हीटर नीट झाला तर चालवा म्हणालात, आणि आता नीट होऊ देत न्हाई. मी रस्त्यात उभी ऱ्हाऊ नये म्हणून तुमी काळजी केली. त्या काळजीनं मी चारीत गेले. इथून पुढं माझ्या गाडीला हात लावायचा तर मला विचारायचं. तात्याबाला दुसरं काम बघा."

फोन बंद झाला. त्यांनी बंद केला होता.

बंकट घामाघूम झाला होता. "बाईसाहेब, आता मी काय करू?"

"काढलेला वॉल्व आण."

त्यानं फळीवरून एक पत्र्याचा डबा खाली घेतला. आत वॉल्वच वॉल्व. सगळ्या पंचक्रोशीच्या गाड्यांची ऊब त्या डब्यात साठवून ठेवली होती. तिच्या गाडीचा कोणता हे बंकटला ओळखता येईना. त्यानं त्याच मापाचे दोन निवडले आणि शेजारच्या चहावाल्याकडं उकळत्या पाण्यात टाकून बघितले. एक तसाच मिटून राहिला. दुसऱ्याचं तोंड पाण्यात सावकाश उघडलं, बाहेर काढल्यावर पुन्हा मिटलं. सत्यशीलेनं तो दोनदा टाकायला लावला आणि मग बसवू दिला.

गाडी चालू झाली. बंकट शेजारी बसला. थोड्या वेळानं सुई हलली, तळ सोडून वर सरकायला लागली. बंकटचा जीव वर खाली व्हायला लागला. "चढतीय, बाईसाहेब. बंद करा, चढतीय."

"चढू दे."

सुई मध्यावर आली आणि थांबली. सत्यशीलेनं खटका लाल खुणेवर फिरवला. आधी कोमट, मग चांगली गरम हवा तिच्या हातांवर यायला लागली. तिनं बोटं उघडली, मिटली, परत उघडली. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

घरी पोचली तेव्हा बद्रीनाथ फाटकातच उभा होता. "आबांनी दुपारचं जेवण केलं न्हाई," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"कावून?"

"तू बोललीस त्यांच्याशी."

"मी काय बोलले ते सांगितलं का?"

बद्रीनाथनं जरा आठवून बघितलं. "न्हाई. बोललीस एवढंच म्हनाले."

वॉल्वचं नाही, चारीचं नाही, तात्याबाचंही नाही. तिचा आवाज कानावर पडला, एवढंच त्या माणसाला लागलं होतं. सत्यशीला मागच्या दारानं आत गेली नाही. ती समोरून ओट्यावर चढली आणि आबासाहेबांच्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बद्रीनाथ धडपडत मागं आला.

"आबासाहेब, गाडीची दुसरी किल्ली द्या," ती म्हणाली.

आबासाहेब पलंगावर पेपर धरून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. पान उलटलं, नीट केलं. मग तिच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाले, "बद्री, तिला म्हणावं, खुंटीला हाय."

बद्रीनाथ सवयीनं तिच्याकडं वळला. "आबा म्हणतेत..."

"मला ऐकू आलं," सत्यशीला म्हणाली, आणि आत जाऊन तिनं खुंटीवरची किल्ली काढून घेतली.